हाकेच्या अंतरावरचा रेडिओ

उद्या तुमच्या भागात पाणी येणार नाही, हे तुम्हाला कुणाकडून कळतं? शेजारच्या काकूंकडून, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून, की सकाळी नळ कोरडा पडल्यावर? दिल्लीत काय चाललंय ते आपल्याला मिनिटामिनिटाला समजतं. पण तालुक्याच्या दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे जाणून घ्यायला चार ठिकाणी फोन करावे लागतात. यात मोठ्या वाहिन्यांचा दोष नाही. लाखो लोकांशी एकदम बोलणाऱ्याला तुमच्या गल्लीचं नाव घेणं जमणार कसं?

ते जमणारं एक लहानसं माध्यम आपल्या देशात आहे. त्याला सामुदायिक रेडिओ म्हणतात. आज देशभरात अशी ५००च्या आसपास केंद्रं आहेत. काही विद्यापीठं चालवतात, काही कृषी विज्ञान केंद्रं, काही स्वयंसेवी संस्था. मोजके पगारी कर्मचारी सोडले तर अनेक ठिकाणी माइकसमोर बसणारी माणसं तुमच्याआमच्यासारखीच असतात. कुणी शिक्षिका, कुणी शेतकरी, कुणी कॉलेजात शिकणारी मुलगी. आपला वेळ देऊन ती केंद्र चालवतात.

हवेतल्या लहरी कुणाच्या?

या रेडिओची गोष्ट क्रिकेटच्या एका भांडणापाशी जाऊन पोहोचते, असं सांगितलं तर तुम्हाला नवल वाटेल. १९९३ साली बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो कप भरवला. सामने दाखवण्याचे हक्क संघटनेने एका परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी वाद पेटला. प्रक्षेपणावर फक्त सरकारचाच अधिकार आहे का, हा प्रश्न कोलकात्याहून सर्वोच्च न्यायालयात गेला.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. पुण्याचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी व्हायला हवा, असं न्यायालयाने सांगितलं. भांडण सामन्यांचं होतं, पण निकालाचा आधार गावोगावच्या कार्यकर्त्यांना मिळाला. लहरी जनतेच्या असतील, तर जनतेला त्यावर बोलताही आलं पाहिजे, असं ते म्हणू लागले.

दार मात्र हळूहळू उघडलं. २००२च्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना २००६पर्यंत थांबावं लागलं.

ही वाट पाहणं म्हणजे काय, ते तेलंगणातल्या माचनूर गावच्या दलित बायकांना विचारावं. झहीराबादजवळच्या या गावात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी स्टुडिओ उभारला, यंत्रं शिकून घेतली, कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले. पण प्रक्षेपणाची परवानगीच नव्हती. मग त्यांनी कॅसेट संघाच्या बैठकांत नेऊन वाजवल्या. अशी कितीतरी वर्षं गेली. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा ‘संगम रेडिओ’ हवेत गेला. बियाणं, भरडधान्यं, घरगुती औषधं, सणांची गाणी, सारं त्यांच्या स्वतःच्या बोलीत.

लहान असण्याचा फायदा

सामुदायिक केंद्राला साधारण १०० वॉट प्रभावी शक्तीचं प्रक्षेपण आणि ३० मीटरपर्यंत उंचीचा मनोरा एवढ्याचीच मुभा असते. आवाज पोहोचतो १० ते १२ किलोमीटर. डोंगर आडवा आला तर त्याहूनही कमी.

ही मर्यादा तुम्हाला अडचण वाटेल. पण केंद्राची खरी ताकद त्यातच आहे. दहा किलोमीटरच्या आतला माणूस बोलणाऱ्याला ओळखतो. चुकीची माहिती दिली तर दुसऱ्या दिवशी बाजारात तो समोर उभा राहून जाब विचारतो. फिरत फिरत आलेल्या फॉरवर्डला असा जाब विचारता येत नाही.

नियमही त्याच बाजूने आहेत. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. सल्लागार समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात, असं २०२४च्या सुधारित धोरणात सांगितलं आहे. केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या ऐकवता येतात. मात्र हवामान, वीज-पाणी, परीक्षा, रोजगार, साथीचे आजार, आपत्तीच्या सूचना यांना आडकाठी नाही. रोजच्या जगण्याला लागणारं बरंचसं यात येतं.

म्हसवडचा आवाज

आपल्याकडचं उदाहरण पाहायचं तर साताऱ्याच्या माण तालुक्यात चला. हा दुष्काळी मुलूख. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने इथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत येणाऱ्या बायकांना पैशांइतकीच माहितीही हवी होती. २००८ साली म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. आकडा ९०.४ एफएम.

या केंद्रावर शेती, आरोग्य, बचत असे विषय असतात आणि ते माणदेशी बोलीत असतात. ओव्या आणि लोकगीतं गाणाऱ्या केराबाई सरगर इथूनच महाराष्ट्राला माहीत झाल्या. एरवी त्यांचं गाणं जात्यापाशी, लग्नघरात आणि शेतात ऐकू आलं असतं. रेडिओने ते गावच्या वेशीबाहेर नेलं. यात करमणूक आहेच, पण आणखीही काही आहे. आपल्यासारखं बोलणारी, आपल्यासारखं लुगडं नेसणारी बाई रेडिओवर बोलते, हे ऐकल्यावर घरातल्या बाईचाही धीर वाढतो. आपल्यालाही सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटू लागतं.

नकाशावर एक वर्तुळ काढा

आता आपल्या ओळखीचा मुलूख सोडून जरा लांब जाऊ. अनेक भाषांच्या गर्दीत असा रेडिओ कसा उपयोगी पडेल, ते पाहायला कोलकात्याजवळचं बजबज चांगलं. हुगळी नदीच्या काठचं हे गाव. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजातून परतलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला, तो इथेच. आज इथे तागाच्या गिरण्या आहेत, तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आहेत आणि जवळच पुजालीला वीजकेंद्र आहे. नदी ओलांडली की हावडा जिल्हा लागतो. बंगालीबरोबर हिंदी आणि उर्दूही कानावर पडते, कारण गिरण्यांच्या कामासाठी बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत.

समजा, इथे एक सामुदायिक केंद्र काढायचं ठरलं. नकाशावर बजबजभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात नदीचे दोन्ही काठ येतील. सकाळी काय सांगायचं? नदीवरची फेरी आज चालू आहे की वाऱ्यामुळे बंद. कोणत्या गिरणीची पाळी बदलली. लसीकरण कुठे आहे. दुपारी एखादी आजी पूर्वीच्या पुराची आठवण सांगेल, संध्याकाळी शाळेतली मुलं कविता वाचतील. आणि तेलाच्या टाक्यांजवळ कधी सायरन वाजला, तर कोणत्या रस्त्याने कुठे जायचं ते तीन भाषांत सांगता येईल. हे सांगणारा आवाज लोकांच्या रोजच्या ओळखीचा असेल, तर ते घाबरून सैरावैरा धावणार नाहीत, ऐकतील.

ही भीती कल्पनेतली नाही. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ याच दक्षिण २४ परगणा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं. कोलकाता आणि आसपासच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलचं नेटवर्क नव्हतं. अशा वेळी टीव्ही मुका होतो, फोन नुसता खिशात राहतो. दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र बोलू शकतो. अट एकच, केंद्रावर जनरेटर हवा आणि तो सुरू करायला पावसातून चालत येणारा कुणीतरी हवा. तामिळनाडूत पांबन बेटावरचं ‘कडल ओसै’ हे केंद्र २०१६पासून मच्छीमारांना समुद्राचा आणि वाऱ्याचा अंदाज सांगत आलं आहे. तिथल्या घरांत हा अंदाज म्हणजे पोटाचा आणि जिवाचा प्रश्न असतो.

कोबे शहराने शिकवलेली गोष्ट

संकटात भाषेचं महत्त्व किती, हे जपानमधल्या कोबे शहराने दाखवलं. १७ जानेवारी १९९५ रोजी तिथे मोठा भूकंप झाला आणि ६,०००हून जास्त माणसं दगावली. नागाता भागात कोरियन आणि व्हिएतनामी कुटुंबं मोठ्या संख्येने राहत होती. मदत कुठे मिळते, अर्ज कसा भरायचा, हे सगळं जपानी भाषेत सांगितलं जाई आणि अनेकांना ते समजत नसे. कोरियन लोकांच्या मनात त्याहून जुनी धास्ती होती. १९२३च्या कांतो भूकंपानंतर अफवा उठल्या होत्या आणि हजारो कोरियनांना ठार मारलं गेलं होतं.

म्हणून भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आत कोरियन रहिवाशांनी एक छोटं एफएम केंद्र सुरू केलं. काही महिन्यांत व्हिएतनामी भाषेतलं केंद्र आलं. पुढे दोन्ही एकत्र येऊन ‘एफएम वायवाय’ झालं आणि भूकंपाला वर्ष झालं त्या दिवशी त्याला रीतसर परवाना मिळाला. स्वयंसेवकांच्या बळावर अनेक भाषांत बोलणारं हे केंद्र वीस वर्षं एफएमवर होतं. २०१६ साली ते प्रक्षेपण थांबलं आणि केंद्र इंटरनेटवर गेलं.

तुम्ही कोलकात्यात, बंगळुरूत किंवा परदेशात राहणारं मराठी कुटुंब असाल, तर यातलं मर्म तुम्हाला लगेच कळेल. परक्या मुलखात आजी-आजोबांना आपल्या भाषेत ‘घाबरू नका’ एवढं कुणी सांगितलं, तरी निम्मं संकट हलकं होतं.

केंद्र बंद कशामुळे पडतं?

पैशांची चणचण असतेच. वीजबिल, दुरुस्ती, परवान्याचे खर्च चुकत नाहीत. २०२४पासून तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात, पूर्वी ही मुदत ७ मिनिटं होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये आहे. पण खेड्यातल्या केंद्राला जाहिराती मिळणार किती?

पैशांहून मोठी टंचाई वेळेची. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमामागे कितीतरी तास जातात. माणूस शोधायचा, त्याला बोलतं करायचं, ध्वनिमुद्रण करायचं, खोकला आणि कुकरची शिट्टी कापायची, सांगितलेली माहिती पडताळायची. सुरुवातीला उत्साहाने वीस जण येतात. मग कुणाचं लग्न होतं, कुणाला पुण्याला नोकरी लागते, कुणाच्या घरी आजारपण येतं. शेवटी दोघं-तिघं उरतात आणि सगळा भार त्यांच्यावर पडतो. ती थकली की जुने कार्यक्रम पुन्हा पुन्हा वाजू लागतात आणि ऐकणारे दुसरीकडे वळतात. मनोरा जागेवर असतो, यंत्र चालू असतं, पण केंद्र मनाने बंद पडलेलं असतं.

म्हणून टिकायचं असेल त्या केंद्राने लोकांकडे थोडं थोडंच मागावं. एकाकडून रोजचे चार तास मागण्यापेक्षा वीस घरांतून आठवड्याचा एक तास मागितलेला बरा.

तुमच्या घरातून काय देता येईल?

तुमच्या भागात असं केंद्र आहे का, ते आधी पाहा. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांची, बारामतीची, इतर अनेक गावांची स्वतःची केंद्रं आहेत. एक आठवडा ती लावून ऐका. मग घरात बसून विचार करा:

• आजीला जात्यावरच्या ओव्या येतात का? फोनवर ध्वनिमुद्रित करून केंद्राला विचारा. घरात त्या जपल्या जातीलच, चार घरांत ऐकूही जातील.

• घरात निवृत्त परिचारिका, शिक्षक, पोस्टमन, बँकेत काम केलेलं कुणी आहे का? पेन्शनचा अर्ज कसा भरायचा, तापात मुलाला काय द्यायचं, हे सोप्या शब्दांत सांगणारी माणसं केंद्राला नेहमी हवी असतात.

• मुलांना मोठ्याने वाचायला आवडतं का? ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मुलांनी वाचलेली गोष्ट ही मोठी भेट असते.

• वेळच नसेल, तर निदान फोन करा. काय आवडलं, कोणती माहिती चुकली, पुढे काय हवं ते सांगा. आपलं कुणीतरी ऐकतंय हे कळणं, हाच इथल्या स्वयंसेवकाचा पगार असतो.

तुमच्या भागात केंद्र नसेल, तर किमान तीन वर्षं काम केलेली एखादी नोंदणीकृत संस्था किंवा कॉलेज त्यासाठी अर्ज करू शकतं. मनोऱ्याची जागा आणि यंत्रांचा खर्च यांचा हिशोब ओघाने होईल. त्याआधी एका कागदावर दहा नावं लिहा, जी माणसं आठवड्याचा एक तास दोन वर्षं सलग देतील. दहा नावं भरली, तर निम्मं केंद्र उभं राहिलं असं समजा. भरली नाहीत, तर आधी ती भरा. पहिलं नाव स्वतःचं लिहायला हरकत नाही.