अळवावरचें पाणी आणि तणनाशक

अळवाच्या पानावर पाणी टिकत नाहीं, हें मराठी माणसाला त्याच्या भाषेनेंच शिकविलें आहे. थेंब मोत्यासारखा गोल होतो, पान किंचित् हललें कीं घरंगळून जातो, आणि पान कोरडें तें कोरडेंच राहतें. परसांत ही गंमत वाटते. शेतांत तणनाशक फवारणाराला मात्र तीच अडचण होऊन बसते. कारण फवारा म्हणजे बहुतांशीं पाणीच, आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या अंगावर मेणाचें पातळ कवच असतें.

पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. या ओढीचें माप म्हणजे पृष्ठताण. २० अंश सेंटिग्रेड उष्णमानावर शुद्ध पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला सुमारें ७३ डाइन भरतो. मेणाची ओढ त्यापुढें दुबळी, म्हणून थेंब पसरत नाहीं. साबण किंवा रिठा यांच्यांतील कणाचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें, दुसरें तेलाकडे. अशा द्रव्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. तीं थोडीं मिसळलीं तरी पृष्ठताण ३० च्या आसपास उतरतो. सिलिकॉनयुक्त कांहीं द्रव्यें तर तो २०-२२ पर्यंत आणतात. मग थेंब चपटा होऊन पानाला चिकटतो.

पण पान ओलें होणें हें अर्धेंच काम. ग्लायफोसेटचा तणनाशक गुण १९७० सालीं जॉन फ्रान्झ या अमेरिकन रसायनज्ञास आढळला, व १९७४ पासून तें बाजारांत आलें. हें द्रव्य पाण्यांत विरघळणारें. मेणाशीं त्याचें जमत नाहीं. थेंब वाळला कीं तें पानावर कोरडें पडून राहतें. योग्य सर्फॅक्टंट ओलावा धरून ठेवतो आणि मेणाच्या थरांतून वाट सुलभ करतो. मात्र पाण्यांत विरघळणाऱ्या औषधाला एक जात मानवते, तेलांत विरघळणाऱ्याला दुसरी. घरचा साबण ओतून भागत नाहीं. विहिरीच्या जड पाण्यांत तो फाटतो, हें कपडे धुणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

खरी गुंतागुंत पुढें आहे. १८९६ सालीं फ्रान्समध्यें द्राक्षवेलींवर मोरचूद व चुन्याचें बोर्डो मिश्रण फवारतांना बॉनेट नांवाच्या बागाईतदारास दिसलें कीं, आसपासच्या रानमोहरीचीं पानें काळीं पडत आहेत. पुढें मोरचुदाचा फवारा धान्याच्या शेतांत वापरूं लागले, तेव्हां रानमोहरी मरे आणि धान्य वांचे. यांत औषधाची चतुराई फारशी नव्हती. रानमोहरीचें पान रुंद, आडवें व खरबरीत. धान्याचें पान अरुंद, उभें, मेणकट. एकावर थेंब थांबला, दुसऱ्यावरून गळून गेला, एवढाच तो न्याय! अशा फवाऱ्यांत सर्फॅक्टंट मिसळला, तर पिकाचें हें कवचच निकामी होतें. तणाबरोबर पीकहि करपतें.

वाटाण्याचें रक्षणहि मेणच करतें. वाऱ्यानें पानें एकमेकांवर घासलीं कीं तें झिजतें. म्हणून इंग्लंडमध्यें फवारणीपूर्वीं वाटाण्याचीं कांहीं रोपें जांभळ्या रंगाच्या द्रावणांत बुडवून, झटकून पाहण्याची चाल पडली. रंग ओघळून गेला तर मेण शाबूत. डाग राहिले तर फवारणी लांबणीवर.

पानावरून गळलेलें द्रव्य जमिनींत व ओढ्यांत जातें, हाहि विचार करावा लागतो. चरबीपासून बनविलेला एक अमाइन जातीचा सर्फॅक्टंट ग्लायफोसेटबरोबर फार वापरला गेला. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत माशांना त्या मिश्रणाची जी बाधा होई, तिचें मुख्य कारण ग्लायफोसेट नसून त्याचा हा सोबती असल्याचें दिसलें. युरोपियन युनियननें २०१६ सालीं ग्लायफोसेटच्या मिश्रणांतून त्याला हद्दपार केलें. ग्लायफोसेटला मात्र २०२३ सालीं आणखी १० वर्षांची परवानगी दिली.