बहुमापकाने विद्युत् रोधमापन

बहुमापकाने विद्युत् रोधमापन : विद्युत् दाब, प्रवाह व रोध या तिन्ही राशी मोजणाऱ्या उपकरणास बहुमापक किंवा मल्टिमीटर म्हणतात. ब्रिटिश डाकखात्यातील अभियंते डॉनल्ड मॅकाडी यांनी कल्पिलेला ‘ॲव्होमीटर’ १९२३ मध्ये विक्रीस आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम या एककांच्या आद्याक्षरांवरून त्यास हे नाव मिळाले.

तत्त्व : रोध मोजताना प्रवाह मापकातील विद्युत् घटच पुरवितो. अंकीय मापक ज्ञात प्रवाह वस्तूतून पाठवून तिच्या टोकांमधील दाब मोजतो व ओहम नियमानुसार रोध दर्शवितो. काट्याच्या मापकात रोध जितका कमी तितका काटा अधिक वळतो. म्हणून ओहम मापपट्टीचे शून्य उजवीकडे असते.

पद्धती : बाहेरील विद्युत् दाबाने वाचन चुकते, मापक बिघडतो व हाताळणाऱ्यास धोका संभवतो. यास्तव मंडलाचा पुरवठा तोडून तो खरोखर बंद असल्याची दाबमापनाने खात्री करावी, तसेच धारित्रे विद्युत् भाररहित करावीत. घटकास समांतर अन्य मार्ग असल्यास त्याचे एक टोक सोडवावे. मापकाच्या तारांची टोके एकमेकांस टेकवून येणारे वाचन (बहुधा ०·१ ते ०·५ ओहम) अल्प रोधाच्या वाचनातून वजा करावे. उच्च रोध मोजताना दोन्ही टोकांना बोटे लावू नयेत. अन्यथा शरीराचा रोध समांतर जोडला जातो.

२३० व्होल्ट, १,००० वॉटच्या इस्त्रीच्या तापक तारेचा रोध सु. ५३ ओहम येतो. तार तुटलेली असल्यास तो अनंत दिसतो. तथापि १०० वॉटच्या तंतुदीपाचा थंड असतानाचा रोध, पेटल्यावरच्या सु. ५२९ ओहमच्या मानाने अनेक पटींनी कमी असतो.

सातत्य परीक्षा : रोध ठराविक मर्यादेखाली (बहुधा काही दशक ओहम) असल्यास मापक ध्वनी काढतो. या ध्वनीवरून मार्ग अखंड आहे इतकेच कळते. तो पुरेसा प्रवाह वाहू शकेल असे सिद्ध होत नाही. भूसंपर्क तारेचा एकच पदर शिल्लक असला, तरी ध्वनी येतो. मात्र दोष उद्‌भवताच तो पदर वितळून उपकरणाचे धातूचे आवरण विद्युत् भारित राहू शकते. तसेच काही व्होल्ट दाबाने केलेले मापन निरोधनाच्या सुस्थितीचा पुरावा नव्हे. घरगुती तारजोडणीच्या निरोधनाची परीक्षा सामान्यतः ५०० व्होल्टच्या निरोधनमापकाने करतात.