माठाची निगा, बाटलीची निगा

खानापूरच्या मातीला नाव आहे. इथल्या चिकणमातीवर कौलांच्या भट्ट्या पेटल्या, कुंभारांची चाकं फिरली, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही याच गावात आहे. त्यामुळे पाण्याच्या भांड्याची निगा या तालुक्यात कुणाला वेगळी शिकवावी लागली नाही. नवा माठ आणला की रात्रभर पाण्यात भिजवायचा, पहिलं पाणी ओतून द्यायचं, आतून काथ्यानं हलक्या हातानं घासायचा. साबण मात्र लावायचा नाही, कारण मातीची छिद्रं साबण पिऊन बसतात आणि मग पाण्यालाच त्याचा वास येत राहतो. तांब्याच्या हंड्याला चिंच आणि मीठ. हे सगळं सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे कामाच्या ओघात पोचत गेलं.

स्टीलची दुहेरी भिंतीची बाटली मात्र एकटीच घरात आली. खानापूरहून सुमारे २५ किलोमीटरवरच्या बेळगावला रोज कॉलेजसाठी जाणारी मुलं, लोंढ्याला गाडी पकडणारे नोकरदार, रानात कामाला जाणारी माणसं, सगळ्यांच्या पिशवीत आता ती दिसते. २०१९ साली केरळातल्या शाळांनी मुलांना पाणी प्यायची आठवण देणारी ‘वॉटर बेल’ सुरू केली, पाठोपाठ ती कर्नाटकातही आली, आणि दप्तरातल्या बाटलीला शाळेच्या वेळापत्रकातच जागा मिळाली. पण ही बाटली धुवायची कशी, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. नळाखाली धरून विसळली की झालं, असंच बहुतेक घरांत चालतं. आत साधं पाणीच तर असतं, मग ती खराब होईलच कशाने?

ती खराब होते आपल्या तोंडाने आणि हातांनी. बाटलीला तोंड लावून घेतलेल्या प्रत्येक घोटाबरोबर थोडी लाळ, अन्नाचा बारीक कण आणि तोंडातले जिवाणू मागे राहतात. झाकण फिरवणाऱ्या बोटांवरचं जे काही असेल, तेही काठाला लागतं. यातले जिवाणू पाण्यात नुसते तरंगत राहत नाहीत. ते भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्या थराच्या आड सुरक्षित राहतात. बाटलीच्या आत बोट फिरवल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो, तो हाच थर. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा मळ खरवडून भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले होते. दातावरचा तो मळ आणि बाटलीतला बुळबुळीत थर ही एकाच जातीची वस्तू आहे. चूळ भरून दात स्वच्छ होत नाहीत, घासावे लागतात; बाटलीलाही तोच नियम लागू आहे. विसळण्याने थर सुटत नाही. त्यासाठी गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश लागतो, आणि तोही रोज.

इथे माठ आणि बाटली यांच्यातला मूळ फरक समजून घेतला, तर पुढचं सगळं सोपं होतं. माठ पाझरतो म्हणून थंड करतो. त्याच्या छिद्रांतून पाणी बाहेर येतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे लिटरभर पाण्यातलं जेमतेम १० ग्रॅम उडालं आणि बाहेरची उष्णता आत शिरली नाही, तर उरलेलं पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत माठाचं पाणी गार लागतं आणि आषाढात लागत नाही, त्याचं कारण हवेतला ओलावा. बाटलीचं तत्त्व बरोबर उलटं आहे. ती काहीच आत-बाहेर जाऊ देत नाही. तिच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, आणि जिथे हवाच नाही तिथून उष्णता वहनाने वा अभिसरणाने जाऊ शकत नाही. राहतं फक्त उष्णतेचं प्रारण. ते अडवायला आतल्या भिंतीच्या पाठीवर अनेकदा तांब्याचा पातळ लेप दिलेला असतो. अशा भांड्यात उष्णता कोंडून राहते, तसा ओलावाही कोंडून राहतो आणि वासही.

ही पोकळीची युक्ती स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी त्यांनी १८९२ साली दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं बनवलं. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. जर्मनीतल्या राइनहोल्ड बुर्गर या काचकारागिराने त्याला धातूचं कवच चढवलं, १९०३ साली पेटंट मिळवलं, आणि पुढच्याच वर्षी थर्मॉस कंपनी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी ओळखला तो ईगलचा काचेचा थर्मास. त्याचा कारखाना तळेगाव दाभाड्याला होता, आणि तळेगावशी काचेचं नातं त्याहून जुनं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने, तिथे १९०८ साली काच कारखाना निघाला होता. दवाखान्यात पेशंटसाठी चहा-दूध नेणारा तो थर्मास सगळं घर जपून हाताळायचं. फुटेल या धास्तीनं का होईना, त्याची काळजी घेतली जायची.

स्टीलची बाटली फुटत नाही, आणि हाच तिचा घात ठरतो. संपूर्ण पोलादी थर्मास अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी १९१३ साली बनवला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली यांना न गंजणारं पोलाद गवसलं. आजच्या हलक्या बाटल्यांची वाट जपानी कारखान्यांनी १९७८ च्या सुमारास मोकळी केली. चांगल्या बाटलीचं आतलं स्टील ३०४ या प्रतीचं असतं, म्हणजे त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हवेशी संयोग होऊन क्रोमियम ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर पृष्ठभागावर बसतो. तो इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा तयार होतो. त्याचा खरा शत्रू क्लोराइड. मीठ आणि कपड्यांचं ब्लीच या दोन्हींमध्ये तो आहे. म्हणून बाटलीत ब्लीच ओतू नये आणि मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत किंवा कोकमाचं सरबत दिवसभर ठेवू नये. पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात कोकमाचं सरबत घरोघरी होतं. ते बाटलीतून न्यायला हरकत नाही, पण घरी परतल्यावर लगेच धुवायला हवं. रात्रभर तसंच राहिलं तर मीठ आणि आंबटपणा मिळून स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडू शकतात. तारेची घासणी आणि राख-वाळू यांनाही बाटलीपासून लांबच ठेवावं. त्यांच्या ओरखड्यांत जिवाणूंना आयता आडोसा मिळतो.

दुधाचा नियम आणखी कडक आहे. गरम दूध बाटलीत तासन्‌तास कोमट राहतं, आणि ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीला मानवणारा टप्पा. जे भांडं पाण्याला उपकारक, तेच दुधाला घातक ठरतं. तान्ह्या बाळाचं तयार दूध अशा बाटलीत ठेवू नये; उकळलेलं पाणी न्यावं आणि दूध वेळेवर कालवावं.

आता झाकणाकडे वळायला हवं, कारण बहुतेक दुर्गंधीचं मूळ तिथे सापडतं. बाटलीचं पोट गुळगुळीत असतं आणि ब्रश तिथे पोचतो. झाकणात मात्र आटे असतात, बटण असतं, लहान मुलांच्या बाटलीत स्ट्रॉ असते, आणि खाचेत बसवलेली सिलिकॉनची रिंग असते. कुकरची रिंग काढून धुणाऱ्या कितीतरी घरांत बाटलीची रिंग निघते हेच ठाऊक नसतं. ती बोथट टोकाच्या चमच्याने उचलून काढली की खाली काळपट बुरशीची रेघ दिसते. आठवड्यातून एकदा तरी झाकण पूर्ण सुटं करावं, रिंग साबणाने चोळावी, खाच जुन्या टूथब्रशने घासावी, आणि स्ट्रॉमधून बारीक ब्रश फिरवावा. बुरशीचे डाग सिलिकॉनमध्ये मुरले असतील तर रिंगच बदललेली बरी. नवी बाटली घेताना तिची सुटी रिंग आणि सुटं झाकण मिळतं का, हे दुकानदाराला आधी विचारावं. झाकण न मिळाल्याने चांगल्या बाटल्या अडगळीत पडतात.

खानापूर तालुक्यात या सगळ्यावर आणखी एक ताण असतो, पावसाचा. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला, जांबोटीला आणि राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत ज्याचं नाव घेतलं जातं त्या आमगावला जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. घोंगड्या वाळत नाहीत, तिथे बाटलीचं पोट कुठून वाळणार? नुसती पालथी घालून ठेवली तर तोंड ओट्याला टेकतं आणि आतली वाफ आतच राहते. ती जाळीवर किंवा तिरकी टेकवून ठेवावी, म्हणजे हवा खेळेल. झाकण कधीही लावून ठेवू नये. रिंग आणि खाच कोरड्या सुती कापडाने पुसून चुलीपासून हातभर लांब, उबेत ठेवली की रात्रभरात कोरडी होते. एकाऐवजी दोन बाटल्या आलटूनपालटून वापरणं हा पावसाळ्यातला सर्वांत खात्रीचा उपाय. एक वापरात असताना दुसरीला वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

पाण्याचा प्रकारही खुणा सोडतो. जांभ्या दगडाच्या भागातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल, तर आत तांबूस ठिपके दिसतात आणि बाटली गंजली असं वाटतं. पुष्कळदा ते पाण्यातलंच लोह असतं. उत्तरेकडे निपाणी-चिकोडीकडे काळा कातळ लागतो, आणि तिथल्या बोअरचं पाणी जड असेल तर तळाशी पांढरट खडूसारखा थर साचतो. दोन्हींवर औषध एकच, आंबट. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व छोटा चमचाभर घेऊन गरम पाण्यात विरघळवावं, तासभर बाटलीत ठेवावं आणि ब्रश फिरवून दोन-तीनदा विसळावं. पांढरा थर विरघळताना कर्बवायूचे बुडबुडे सुटतात, त्यामुळे या वेळी झाकण उघडंच हवं. चिंचेनेही क्षार सुटतो, पण तिचा गर झाकणाच्या खाचेत अडकतो आणि नवीन काम उभं राहतं.

वास आणि चहाचे डाग ही खाण्याच्या सोड्याची कामं. मोठा चमचाभर सोडा, वर काठोकाठ गरम पाणी, रात्रभर उघडं. सकाळी ब्रश. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची पद्धत बरीच लोकप्रिय आहे, पण आम्ल आणि अल्क एकमेकांचा गुण मारून टाकतात आणि फेस विरल्यावर हाती उरतं जवळजवळ खारं पाणी. त्यात झाकण लावून हलवलं तर आतल्या दाबाने ते उडू शकतं. दोन्ही वापरायचे असतील तर एक धुऊन मग दुसरा. आणि ब्लीचमध्ये कोणतंही आम्ल कधीच मिसळू नये, त्यातून क्लोरिन हा विषारी वायू सुटतो.

बाटली फ्रीझरमध्ये ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. पाणी गोठताना फुगतं, आतली भिंत बाहेर ढकलली जाते, जोड सुटतो आणि पोकळीत हवा शिरते. उंचावरून आपटल्यानेही हेच होऊ शकतं. पोकळी शाबूत आहे का, हे घरी तपासता येतं. उकळतं पाणी भरून झाकण लावायचं आणि काही मिनिटांनी बाहेरच्या भिंतीवर हात ठेवायचा. काठाजवळ थोडी ऊब लागली तर ठीक, पण पोटाशी चटका बसला तर पोकळी गेली. गार पाणी भरल्यावर बाहेरून घाम फुटत असेल तर तोही त्याचाच पुरावा. ही दुरुस्ती गावातल्या कुठल्याच दुकानात होत नाही.

खरेदी करताना लोहचुंबक लावून स्टीलची पारख करणाऱ्यांची फसगत होते. ३०४ प्रतीचं स्टील दाबून-ओढून आकार देताना किंचित चुंबकीय बनतं, आणि निकेल कमी असलेलं २०१ प्रतीचं हलकं स्टीलही चुंबकाला फारसं धरत नाही. त्यापेक्षा शिक्का पाहावा. केंद्र सरकारने २०२३ साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून स्टीलच्या थर्मास बाटल्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक केलं. त्यासाठीचं मानक आयएस १७५२६. बाटलीच्या बुडाचीही पाहणी करावी. काही बनावटींत पोकळी बंद करायला बुडाशी शिशाचा छोटा थेंब वापरतात आणि त्यावर स्टीलची चकती बसवतात. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत यावरून मोठी चर्चा झाली. चकती जागेवर असेपर्यंत शिशाचा स्पर्श पाण्याला किंवा हाताला होत नाही. ती निघाली असेल तर बाटली वापरातून काढावी, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. ज्या बाटलीची फक्त पोकळी गेली आहे, ती साध्या पाण्यासाठी चालते. तेही नको असेल तर ती भंगारात द्यावी. स्टीलला तिथे भाव मिळतो आणि ते वितळून पुन्हा वापरात येतं.