घर्षण आणि वंगण : तेल कुठे घालायचं, कुठे नाही



सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘बल व बलाचे प्रकार’ हा पाठ आहे. त्यात घर्षण बल येतं. घर्षण कमी करायला तेल किंवा ग्रीस वापरतात, हे वाक्य मुलं पाठ करतात आणि पेपरात मार्कही मिळवतात. पण त्यातून ‘घर्षण वाईट, तेल चांगलं’ असं एक सोपं समीकरण डोक्यात बसतं आणि मुलं ते सायकलवर वापरून बघतात. चेन करकरते म्हणून तेल ओततात. ते रिमवर आणि ब्रेकच्या रबरावर ओघळतं, आणि उतारावर नेमका ब्रेक लागत नाही. म्हणून हा पाठ घेताना वंगण कसं काम करतं याच्या जोडीला ते कुठे चालत नाही हेही शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आपल्या मावळात त्यासाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. बेगडेवाडी स्टेशनात थांबणारी लोणावळा लोकल पुरेशी आहे.

या पाठाला एक प्रश्न हमखास येतो, “बाई, रुळालाच तेल लावलं तर गाडी अजून जोरात पळेल ना?” प्रश्न हुशार आहे. लगेच ‘नाही’ म्हणून टाकू नका. आधी वंगण नेमकं काय करतं ते पाहू, मग या प्रश्नाकडे येऊ.

गुळगुळीत दिसणारा लोखंडी दांडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गुळगुळीत नसतो. त्यावर डोंगर आणि दऱ्याच दिसतात. मुलांना मी सांगते, लोहगड उचला आणि विसापूरवर उलटा ठेवा. दोन्ही गड सगळीकडून एकमेकांना टेकतील का? नाही, फक्त काही सुळके टेकतील. दोन धातूंचंही असंच होतं. सगळा भार त्या थोड्या टोकांवर येतो, तिथे दाब प्रचंड वाढतो आणि टोकं एकमेकांना अक्षरशः चिकटतात. दांडा फिरला की ती तुटतात. तुटताना लागतो तो जोर म्हणजे घर्षणाचा मोठा भाग. तुटलेला बारीक चुरा म्हणजे झीज. शिवाय उष्णता होते ती वेगळीच. तळहात जोरात घासायला लावा, मुलांना ती लगेच कळते.

तेल या डोंगरांना घासून सपाट करत नाही. ते दोन पृष्ठभागांच्या मध्ये थर होऊन बसतं आणि त्यांना एकमेकांना टेकूच देत नाही. मग धातूवर धातू घासण्याऐवजी तेलाचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि त्याला फारच थोडा जोर लागतो. हा थर माणसाच्या केसाच्या दहाव्या भागाइतका, कधी त्याहूनही पातळ असतो.

एवढा पातळ थर टनावारी वजनाखाली पिळून बाहेर कसा जात नाही? याचं उत्तर रेल्वेच्या आसामुळेच सापडलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे इंजिनियर रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगला वरून तेल सोडायला त्यांनी एक भोक पाडलं. आस फिरायला लागला तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं! त्यांनी बूच ठोकलं, तेलाने ते बाहेर ढकललं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. मग दाबमापक लावला तेव्हा कळलं की तिथल्या तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून अरुंद फटीत पाचरीसारखं घुसवतो, आणि तो दाब अख्खा भार उचलून धरतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं, आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच गणितावर होते.

पालकांना हे गाडी चालवतानाच्या अनुभवातून पटेल. पावसाळ्यात एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यातून गाडी वेगात गेली की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. तिथेही पाण्याची पाचरच टायरला उचलते. बेअरिंगमध्ये जे हवं असतं, तेच रस्त्यावर जीवघेणं ठरतं.

यातून आणखी एक गोष्ट कळते. आस फिरतो म्हणून थर बनतो. मशीन थांबलं की थर पातळ होत जातो आणि डोंगराची टोकं पुन्हा टेकतात. म्हणून चालू करतानाचे पहिले काही क्षण झिजेचे. सकाळी मोटारसायकल चालू केल्या केल्या जोरात रेस करू नका, असं जुने मेकॅनिक सांगतात ते याचमुळे.

ग्रीस म्हणजे काय, हे मुलांना फार आवडतं. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण! अंगाला लावायचा साबण नव्हे, बहुतेक ग्रीसमध्ये लिथियमचा साबण असतो. तो स्पंजसारखा तेल धरून ठेवतो आणि थोडं थोडं सोडतो. जिथे रोज तेल घालता येत नाही आणि तेल ओघळून जाईल, तिथे ग्रीस. लोकलच्या चाकांजवळ आसाच्या टोकाला जी पेटी दिसते तिला ॲक्सल बॉक्स म्हणतात. तिच्यात रोलर बेअरिंग आणि ग्रीस असतं. पूर्वीच्या डब्यांत साधी बेअरिंग असायची आणि तेलात भिजवलेल्या बोळ्यांतून त्यांना तेल मिळायचं. ते संपलं की पेटी तापायची. रेल्वेत ‘हॉट ॲक्सल’ हा शब्द आजही गंभीर मानला जातो. वंगण संपलं की बेअरिंग तापतं, जाम होतं, आसाचं टोक तुटू शकतं आणि डबा रुळावरून घसरतो. पूर्वी कर्मचारी गाडी आली की पेटीला हात लावून बघायचे. आता लांबूनच तापमान दाखवणारं, पिस्तुलासारखं यंत्र रोखतात. डब्याएवढ्या मोठ्या वस्तूची सुरक्षितता मूठभर ग्रीसवर टिकून असते, हे वर्गात सांगितलं की दोन मिनिटं शांतता होते.

आता रुळाच्या प्रश्नाकडे. चाकाच्या आसाला घर्षण नको. पण चाक रुळावर जिथे टेकतं तिथे घर्षण हवंच, नाहीतर इंजिन पुढे कशाच्या जोरावर जाणार? चाक जागच्या जागी गरगर फिरेल. लोणावळ्याच्या पुढे बोरघाट आहे. १८६३ साली त्यातून रेल्वे सुरू झाली. तिथला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. हजार टनांची गाडी धरा. नुसत्या चढासाठी तिला हजाराचा ३७ वा भाग, म्हणजे सुमारे २७ टनांचा ओढा लागतो. एका इंजिनाचं वजन १२० टन धरू. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या साधारण तिसऱ्या भागाइतकी, म्हणजे जास्तीत जास्त ४० टन. रुळाला तेल लागलं की ती दहाव्या भागावर, १२ टनांवर येते. गाडी चढणारच नाही. आणि उतरताना तर विचारूच नका, ब्रेक लागून चाकं थांबतील पण गाडी घसरत राहील. म्हणून इंजिनात वाळू ठेवतात. चाकं घसरायला लागली की नळीतून चाकापुढे वाळू सोडतात. मुंबईकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. जोर वाढतोच, पण रुळावर पकड धरणारी चाकंही वाढतात.

गंमत पुढे आहे. रुळाला वंगण लावतात! वळणावर चाकाची आतली उंच कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला घासते. तिथे घर्षणाचा काही उपयोग नाही, नुसती झीज. म्हणून घाटातल्या वळणांवर त्या बाजूला ग्रीस देतात, आणि ते रुळाच्या माथ्यावर येणार नाही याची काळजी घेतात. रूळ तोच, पण बाजूला ग्रीस आणि माथ्यावर वाळू. विद्यार्थ्याचा प्रश्न हुशार होता तो असा. (हे बघायला मुलांना रुळाजवळ नेऊ नका. फळ्यावर रुळाचं आडवं चित्र काढा, पुरतं.)

घाटाचा चढ वर्गात आणायचा असेल तर कॅरम घ्या. मोठ्या कॅरमचा खेळायचा भाग ७४ सेंमी असतो. एक कड दुसरीपेक्षा २ सेंमी उचला, झाला ३७ ला १. इतका कमी! मुलांना खोटंच वाटतं. आता पावडर पुसलेल्या बोर्डावर सोंगटी ठेवून कड हळूहळू उचला आणि ती घसरायला लागेल ती उंची मोजा. मग पावडर टाकून पुन्हा मोजा. उंची आपोआप कमी येते. बोरिक पावडर हे कोरडं वंगण आहे, तिचे पातळ थर एकमेकांवरून सरकतात. पेन्सिलचं शिसंही तसंच. कुलूप अडकत असेल तर चावीला मऊ पेन्सिल घासून बघा. तेलाने कुलपात धूळ चिकटते, शिशाने नाही.

धुळीवरून सायकल. तेल चेनच्या सांध्यांत एकेक थेंब, आणि बाहेरचं कापडाने पुसून टाकायचं. बाहेर राहिलेल्या तेलात माती कालवली की पॉलिश पेपरसारखा लेप होतो आणि चेन उलट लवकर झिजते. रिम आणि ब्रेकच्या रबराला तेलाचा हातही नको. लागलंच तर साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, आणि सपाट जागी ब्रेक तपासल्याशिवाय सायकल मुलाच्या हातात देऊ नका.

शिलाई मशीनला खोबरेल घालणारी घरं आहेत. घालू नका. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. आपल्याकडे थंडीत बाटलीतलं कसं होतं ते आठवा, तेच मशीनच्या भोकांत होतं. नंतर चिकट राळही बसते. मशीनला पातळ तेल लागतं, बैलगाडीच्या आखाला घट्ट. जुन्या गाडीवानांचं एरंडेल त्या कामाला उत्तम होतं, कारण ते दाट आणि चिवट. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं.

तळेगाव, चाकणच्या कंपन्यांत काम करणाऱ्या पालकांना एक विनंती. भंगारात जाणारं एखादं झिजलेलं बेअरिंग परवानगीने मिळालं तर स्वच्छ पुसून शाळेत पाठवा. सोबत एखादं चांगलंही असलं तर फार बरं. डोळे मिटून दोन्ही फिरवायला दिली की कुठलं झिजलेलं ते पहिलीतलं पोरही बोटांनी सांगतं.