डायलिसिसची गाळणी

"डॉक्टर, त्या नळकांड्यात प्लास्टिकच ना? मग कुठलेही चालेल की!" एका रुग्णाच्या मुलाने परवा मला विचारले. तसे चालत नाही. आतल्या केसासारख्या पोकळ तंतूंत बहुधा पॉलिसल्फोन असते. ते टिकाऊ, पण पाण्याशी फटकून वागणारे. रक्तातील प्रथिने त्याला चिकटतात. म्हणून त्यात पाणी धरणारे पीव्हीपी मिसळतात. तंतू बनताना त्यातील बरेचसे धुऊन जाते, छिद्रे मोकळी होतात. हे मिश्रण कमी पडले तर छिद्रे लवकर बुजतात. भलतेच वाढवले तर द्रावण घट्ट होऊन छिद्रांची घडणच बदलते. युरिया जायला हवा, अल्ब्युमिन मात्र राहायला हवे! क्वचित कुणाला ही गाळणी सोसत नाही. डायलिसिस सुरू होताच धाप, छातीत दुखणे, खाज जाणवल्यास तत्काळ सिस्टरना सांगा. सेल्युलोज ट्रायॲसिटेटची गाळणीही मिळते.