मनाचीही मशागत हवी

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात परवा ओळखीचे एक भाजीवाले शेतकरी भेटले. म्हणाले, "साहेब, कामानं नाही थकलो जी. मनच लागत नाही आता. भाव मिळाला तरी काही वाटत नाही."

रात्रभर झोपूनही न उतरणाऱ्या या थकव्याला 'बर्नआउट' म्हणतात. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी त्यावर लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाचा ताण दीर्घकाळ न आटोपल्याने येणारी अवस्था म्हणून केली. खुणा तीन: त्राण जाणे, कामाचा वीट येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे.

पण सारख्याच कामात एक जण खचतो, दुसरा नाही. असे का? त्यात स्वभावाचाही वाटा असतो. सतत चिंता करणारी, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेणारी माणसे लवकर खचतात, असे अभ्यासात दिसून आले आहे. मिसळून राहणारी, मोकळे बोलणारी माणसे त्या मानाने तग धरतात.

आता आमचेच पाहा. पीक नुकसानीचे पंचनामे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी मिळून करायचे असतात. (आता पदनामे बदलली, काम तेच.) पण जो 'नाही' म्हणत नाही, त्याच्याच गळ्यात याद्या पडतात. एका खरिपात मी मध्यरात्रीपर्यंत याद्या लिहिल्या आणि सकाळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर खेकसलो. ते बिचारे तुरीवरच्या अळीचे औषध विचारायला आले होते. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

शेतकरी बंधूंनो, स्वभाव म्हणजे जमिनीचा पोत. भारी जमीन ओल धरते, बरड जमीन लवकर वाळते. म्हणून बरड जमिनीला आपण दोष देत नाही, ओलिताच्या पाळ्या वाढवतो. माणसाचेही तसेच आहे. चिंताळू माणसाला 'घाबरट' म्हणून हिणवू नका, त्याचे ओझे वाटून घ्या. सरपंच व अधिकाऱ्यांनी एकाच माणसावर सगळी कामे टाकू नयेत. घरात कर्जाचा हिशेब एकट्याने डोक्यात ठेवू नये, कारभारणीलाही सांगावा.

दोन आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे व दिवसरात्र चालतो. मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका.

पीक पिवळे पडले की आपण लगेच विचारायला येतो. मन पिवळे पडले तरी विचारावे.