मिनी ट्रॅक्टरच्या हेडला तडा गेला तर बचत गटाने काय करावे?

गोदावरीकाठचे पुणतांबा हे राहाता तालुक्यातील गाव. दौंड–मनमाड लोहमार्गावरचे जंक्शन म्हणून प्रवाशांना ते माहीत आहे. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक येथूनच निघाली आणि हे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. या टापूत ऊस आहे, पेरू-डाळिंबाच्या बागा आहेत. दोन ओळींमधून चालणारा लहान ट्रॅक्टर येथे रोजच्या कामाचा झाला आहे.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने या लहान ट्रॅक्टरला आणखी एक महत्त्व आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने देण्याची योजना राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २०१२ मध्ये आणली. ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान आणि १० टक्के गटाचा हिस्सा, असे तिचे स्वरूप ठरले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली, त्यांच्या दारात यंत्र उभे राहिले. पण अनुदान खरेदीपुरते असते. पुढची दुरुस्ती गटानेच करायची. इंजिनाच्या हेडला तडा गेला की खरी कसोटी लागते. ट्रॅक्टर लिंबाखाली उभा राहतो, भाड्याची कामे दुसरीकडे जातात आणि सभासदांत कुरबुर सुरू होते. म्हणून या दुरुस्तीची माहिती ड्रायव्हरइतकीच गटातील प्रत्येक बहिणीला असली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

तडा का जातो?

हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवरचे जड झाकण. बहुतेक ट्रॅक्टरांत ते बिडाचे असते. त्याच्या खालच्या अंगाला डिझेल जळते आणि आतल्या पोकळीतून रेडिएटरचे पाणी फिरते. पाणी फिरते आहे तोवर उष्णता वाहून जाते. पाणी कमी पडले की एक भाग जास्त तापतो, जास्त फुगतो, आणि बीड लवचिक नसल्याने तडकते. दोन व्हॉल्व्हच्या मधली किंवा व्हॉल्व्ह आणि नोझल यांच्या मधली जागा सर्वांत अरुंद. तडा बहुधा तेथेच जातो.

पाणी कमी पडण्याची कारणे साधी असतात. रोटाव्हेटर मारताना उडालेली धूळ आणि उसाचे पाचट रेडिएटरच्या जाळीत बसते. फॅन बेल्ट सैल होतो. कालव्याच्या पट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते. तेच पाणी रेडिएटरमध्ये भरत राहिले की आत खपली धरते. सर्वांत घातक सवय म्हणजे तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणे. इंजिन तापले तर काम थांबवावे, बंद करून पूर्ण निवू द्यावे, मगच झाकण उघडावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्याने तोंड भाजते, हेही लक्षात ठेवावे.

आधी तपासणी, मग खरेदी

बाहेर गळती नसताना रेडिएटरमधील पाणी रोज कमी होणे, पट्टीवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसणे, चालू इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर निघणे, ही लक्षणे दिसली की ट्रॅक्टर लगेच बंद करावा. सिलिंडरमध्ये पाणी साचले असताना स्टार्टर मारत राहिल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खर्च हेडपुरता राहत नाही.

मात्र हीच लक्षणे नुसती हेड गॅसकेट गेली तरी दिसतात. गॅसकेटची किंमत हेडच्या मानाने फारच थोडी. म्हणून “हेड गेले” असे कोणी नुसते पाहून सांगितले तर पैसे काढू नयेत. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर बाहेर कोठेही खोलू नये, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवावे. वॉरंटी संपली असेल तर हेड उतरवून श्रीरामपूर किंवा कोपरगावसारख्या गावातील इंजिनाचे काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये प्रेशर टेस्ट करता येईल का, ते विचारावे. या तपासणीत पाण्याचे मार्ग बंद करून हेड गरम पाण्यात बुडवतात आणि आतून हवेचा दाब देतात. बुडबुडे येतील तेथे तडा. तडा नसेल आणि हेड फक्त वाकले असेल तर पुस्तकातील मर्यादेत फेसिंग करून भागते. तडा व्हॉल्व्हजवळ असेल तर वेल्डिंगच्या भरवशावर राहू नये. बिडाचे वेल्डिंग अशा तापणाऱ्या जागी पुष्कळदा पुन्हा फुटते.

नवीन हेड घेताना इंजिन नंबर दाखवावा आणि जुने हेड शेजारी ठेवून प्रत्येक भोक जुळवावे. हेड व्हॉल्व्हसह आहे की कोरे, हेही विचारावे. कोरे असेल तर व्हॉल्व्ह त्यात घासून बसवावे लागतात आणि त्याची मजुरी वेगळी पडते. पक्के बिल घ्यावे. जुने हेड गटाकडेच ठेवावे.

बसवताना काय पाहावे

काम मिस्त्रीच करील, पण गटातील दोघांनी शेजारी उभे राहावे. इंजिन थंड असताना बॅटरीची तार सोडून पाणी काढावे. हेडचे नट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल करावेत. पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवावेत. ब्लॉकचा माथा स्वच्छ करून सरळ पट्टी व फिलर गेजने सपाटी पाहावी. लायनर आणि ब्लॉकलाही तडा नाही ना, याची खात्री करावी. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहू देऊ नये. त्यावर बोल्ट आवळला तर ब्लॉक फुटू शकतो.

गॅसकेट आणि नोझलखालचे कॉपर वॉशर नवीनच हवे. नट मध्यापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. किती आवळायचे तो आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, मिस्त्रीच्या अंदाजात नव्हे. वेडेवाकडे आवळलेले नवे हेडही वाकते. नंतर टॅपेट फिलर गेजने लावावे आणि डिझेलच्या नळीतील हवा काढावी. ऑइलमध्ये पाणी उतरले होते, म्हणून ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावेत. पाणीमिश्रित ऑइलने बेअरिंग जातात. काही तास काम झाल्यावर नट पुन्हा आवळायचे की नाही, तेही पुस्तकात पाहावे.

शेवटचे काम पुष्कळ ठिकाणी राहून जाते. रेडिएटर आतून-बाहेरून साफ करावा, पाण्याचा पंप, बेल्ट, थर्मोस्टॅट आणि झाकण तपासावे, बोअरच्या पाण्याऐवजी कुलंट भरावे. ज्या कारणाने जुने हेड तडकले ते कारण तसेच राहिले, तर नवे हेडही तडकणार.

पैशाची तजवीज

ट्रॅक्टर किती तास चालला हे तासमीटर सांगतो. प्रत्येक तासाच्या भाड्यातून ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी बँकेत वेगळी ठेवावी. समजा तासाला २० रुपये बाजूला काढले आणि वर्षात ४०० तास काम झाले, तर ८,००० रुपये जमतात. त्या दिवशी सावकाराच्या दारात जावे लागत नाही. मासिक बैठकीत हिशेबाबरोबर तीन प्रश्न विचारावेत: पाणी किती वेळा भरले, जाळी कधी धुतली, ऑइल कधी बदलले? उत्तरे वहीत लिहावीत.

आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक ट्रॅक्टर असे व्यवसाय शिकवले जातात. गटातील एका घरच्या मुलाने किंवा मुलीने हे शिक्षण घेतले, तर पुढच्या वेळी पाना परक्याच्या हाती राहणार नाही. यंत्र दारात आले, ही एक पायरी झाली. ते आपल्या हिशेबाने आणि आपल्या हाताने चालते ठेवणे ही पुढची पायरी आहे. ज्या गटांकडे ट्रॅक्टर आहे, त्यांनी येत्या बैठकीतच दुरुस्ती निधीचा ठराव करावा, असे आमचे सांगणे आहे.